विद्यार्थिदशेतला नावलौकिक



दिवेआगर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या वाड्या, केवड्याची बने आणि तो लांबच लांब पुळणीचा किनारा उभा राहतो. देवदर्शनाला जाणाऱ्यांना सुवर्णगणेश आठवतो. १९९७ साली एका सुपारीच्या वाडीत तो सापडला आणि २०१२ साली चोरट्यांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो नेला. मी आज या गावाच्या सोन्याविषयी बोलणार नाही, तांब्याविषयी बोलणार आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला एक ताम्रपट दिवेआगरच्या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठीतील अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि भाषेचे अभ्यासक त्याकडे मराठीच्या बालपणीचा कागद म्हणून पाहतात. मला मात्र त्यात दुसरीच एक गोष्ट दिसते.

हा ताम्रपट कोणा राजाची प्रशस्ती गात नाही. सुवर्णनाण्यांसंबंधीची एक व्यवस्था त्यात नोंदलेली आहे आणि तिच्याशी ज्यांचा संबंध आला त्या ब्राह्मणांची नावे दिलेली आहेत. आता ही नावे पाहा. कोणाच्या नावापुढे भट आहे, कोणाच्या घैसास आहे, कोणाच्या षडंगवि आहे. षडंगवि म्हणजे षडंगविद्, वेदाची सहा अंगे जाणणारा. घैसास हे आज आपल्याला आडनाव म्हणून ठाऊक आहे; या ताम्रपटात ते विद्येच्या पदवीसारखे नावामागून येते. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर माणूस केवळ बापाच्या नावाने ओळखला जात नव्हता. तरुणपणी तो काय शिकला, हे त्याच्या नावालाच चिकटलेले होते आणि पैशाच्या व्यवहारातसुद्धा ते लिहून ठेवावे असे लोकांना वाटत होते.

पैशाच्या कागदात विद्येची पदवी कशाला, असे कोणी विचारील. मला असे वाटते की, त्या काळी विद्या ही सचोटीची जामीन समजली जात असावी. वेदाध्ययन करणाऱ्या मुलाला संहिता पाठ झाली की पद, मग क्रम, मग जटा, मग घन, अशा पायऱ्या चढाव्या लागत. तेच शब्द पुढून मागे, मागून पुढे, एकमेकांत गुंफून म्हणायचे आणि एक स्वर चुकता कामा नये. याची परीक्षा बंद खोलीत होत नसे. जाणकार वैदिक समोर बसत, एखाद्याने मध्येच एक मंत्र उचलून द्यायचा आणि मुलाने तेथून पुढे धरायचे. दहा-बारा वर्षे ज्याने हे निष्ठेने केले त्याला आळस, थापेबाजी आणि वेळ मारून नेणे ही दुखणी जडलेली नसणार, असा लोकांचा हिशेब होता. हिशेब नेहमीच बरोबर निघत असे असे नाही. पण तो होता.

त्याच वेळी हेही ध्यानात घेतले पाहिजे की, त्या १०६० सालच्या गावात होड्या हाकणारे, मासे पकडणारे, पोफळीवर चढून सुपारी उतरवणारे लोक असणारच. त्यांच्या हातांतले कसब काही कमी नव्हते. ताम्रपटात त्यांना जागा नाही. कोणाचे कसब ‘पदवी’ म्हणून नावाला जोडायचे आणि कोणाचे नुसते काम म्हणून सोडून द्यायचे, हा प्रश्न पहिल्यापासूनच आपल्यापुढे आहे आणि आज मी जे सांगणार आहे त्यात तो पुन्हा पुन्हा डोके वर काढील.

मी हा विषय का घेतला ते सांगतो. हल्ली कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना सांगण्यात येते की, नोकरी शोधायला निघण्यापूर्वीच आपला ‘पर्सनल ब्रँड’ तयार करा. आपल्याविषयी चार लोक चांगले बोलतील, आपले काम लोकांच्या नजरेस पडेल, अशी व्यवस्था विद्यार्थी असतानाच करून ठेवा. शब्द नवा आहे. इंग्रजीत ब्रँड म्हणजे मुळात गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने दिलेला डाग, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. पण शब्दामागची चिंता काही नवी नव्हे. आपल्याकडे ‘नाव काढणे’ म्हणतात, ‘नाव मिळवणे’ म्हणतात आणि ‘नावे ठेवणे’ही म्हणतात. तरुणाने पोटापाण्याला लागण्यापूर्वी नाव कसे मिळवले, ते कोणी दिले आणि मिळालेले नाव कामाला किती आले, याचा थोडासा इतिहास आपल्याच आसपासच्या माणसांच्या आधाराने पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

दिवेआगरहून श्रीवर्धन फार दूर नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातला बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून वर घाटावर गेला, लेखणी आणि हिशेब यांच्या बळावर वाढत गेला आणि १७१३ साली पेशवा झाला, ही कथा आपण सर्वजण जाणतो. त्याच्या वंशजांच्या हाती पुण्याची सत्ता आल्यावर विद्वानांच्या नावलौकिकाचा जणू सरकारी बाजारच भरू लागला. श्रावणमासातली दक्षिणा ती हीच. सेनापती दाभाडे यांच्याकडे तळेगावी ही प्रथा होती. १७३१ साली डभईच्या लढाईनंतर ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. देशोदेशींचे ब्राह्मण श्रावणात पुण्यास जमत. सामान्यांना पर्वतीजवळच्या रमण्यात दक्षिणा मिळे. ज्यांची विद्या मोठी त्यांची परीक्षा होऊन वेगळा सन्मान होई. पंचवीस वर्षांचा एखादा कोकणातला तरुण पायी चालत पुण्यास जायचा, तेथे शास्त्र्यांपुढे उतरायचा आणि परत येताना शालजोडी घेऊन यायचा. मग गावात त्याची पाठशाळा चालण्यास अडचण पडत नसे. शालजोडी उबेसाठी असली तरी तिचा खरा उपयोग दाखवण्यासाठी होता.

१८१८ नंतर राज्य गेले. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालून ती चालू ठेवली आणि त्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८५० च्या सुमारास पुण्यातल्या काही तरुण सुधारकांनी अर्ज केला की, या पैशातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. यात लोकहितवादी पुढे होते. जुन्या मंडळींनी शहर डोक्यावर घेतले. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. दार उघडले, असे वाटले. १८५५ साली जोतीराव फुले यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्या कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते नाटक हस्तलिखितातच राहिले. अर्जात ‘कोणत्याही जातीचे’ असे लिहिणे निराळे आणि शूद्राच्या मुलाने भटाच्या लबाडीवर लिहिलेले नाटक वाचून त्याला बक्षीस देणे निराळे.

मुंबईस याच सुमारास निराळी हवा होती. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर तेराचौदा वर्षांचे असताना मुंबईस आले, विशी गाठताच १८३२ साली त्यांनी ‘दर्पण’ काढले आणि १८३४ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची अध्यापकाच्या जागेवर नेमणूक झाली. पण बाळशास्त्री हे असामान्य. सामान्य हुशार मुलाने काय करावे, याची सोय १८४८ साली निघालेल्या स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने केली. विद्यार्थ्यांनी निबंध लिहायचे, सभेत वाचायचे, इतरांनी त्यावर टीका करायची. मराठी बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा होती आणि तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. निबंध वाचून थांबते तर ती मंडळी विसरली गेली असती. १८४९ साली या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि स्वतः मोबदला न घेता तेथे शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेट यांनी एका शाळेला आपली जागा दिली. बाहेर निंदा चालली होती. त्या शिकवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते. मुंबईतल्या जुन्या घरांतून ‘तो मुलींच्या शाळेत शिकवणारा मुलगा’ अशी ओळख सांगितली जात असेल, तेव्हा ती स्तुती होती की निंदा, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असले पाहिजे.

१८५७ साली विद्यापीठ निघाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. एकशे बत्तीस बसले, बावीस उतरले. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ‘बी. ए.’ ही दोन अक्षरे माणसाच्या नावाला ताम्रपटातल्या षडंगविप्रमाणे चिकटली. पत्रावर लिहीत, पाटीवर लिहीत, लग्नपत्रिकेतही छापीत. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका वृद्ध गृहस्थांना घरची माणसेसुद्धा ‘बीए’ म्हणूनच हाक मारीत. त्यांचे खरे नाव मला त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

रानड्यांची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना फारशी अनुकूल नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान आणि रानड्यांविषयी आदर बाळगणारे गृहस्थ होते. पण त्यांनी सहा महिने रानड्यांची शिष्यवृत्ती बंद केली. तेव्हा शिष्यवृत्ती म्हणजे पोट होते. विद्यार्थ्याने नाव मिळवावे, पण ते देणाऱ्याला रुचेल तेवढेच लिहून, अशी ती अट होती. रानड्यांनी अभ्यास सोडला नाही, इतिहासही सोडला नाही आणि पुढे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला तो याच वृत्तीने. १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, म्हणून आज आपण येथे बसलो आहोत त्यातही त्या शिष्यवृत्ती गमावलेल्या विद्यार्थ्याचा थोडा हात आहे.

आता आपण परत आपल्या किनाऱ्याकडे येऊ. हरिहरेश्वरापुढे बाणकोटची खाडी ओलांडली की दापोलीकडचा मुलूख लागतो. तेथे मुरूड नावाचे गाव आहे; आपल्या जिल्ह्यातले जंजिऱ्याजवळचे ते मुरूड निराळे. या दापोलीच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्या ‘आत्मवृत्ता’त जी हकिकत लिहिली आहे ती मराठी वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी ऐकलेली असते, पण तिचा शेवट आपण बहुधा घाईने सांगतो.

साल १८७५. धोंडोला मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की शाळामास्तरकी किंवा कचेरीतली जागा मिळण्याचा मार्ग मोकळा होई. परीक्षेला बसण्यास सतरा वर्षे पुरी झालेली असावी लागत. तुफानामुळे बंदराला बोट लागेना, म्हणून मुंबईचा बेत सोडून साताऱ्याचे केंद्र धरायचे ठरले. भरपावसात, पाठीवर ओझे घेऊन, घाट चढून सुमारे सव्वाशे मैल चार-पाच दिवसांत पायी तुडवायचे. ज्यांनी भाद्रपदातला सह्याद्री पाहिला आहे त्यांना हे वर्णन करून सांगण्याची जरुरी नाही. मुले साताऱ्यास वेळेवर पोचली. धोंडो कमिटीपुढे उभा राहिला. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हटले की, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. दाखला होता. तो मानला गेला नाही. अंगाने किरकोळ, चेहऱ्याने पोरगेला, एवढ्यावरून त्याला परत पाठवण्यात आले. सव्वाशे मैल चालून आलेल्या मुलाच्या पायांकडे कोणी पाहिले नाही.

आज परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुले मुलाखतीहून परत येतात आणि ‘छाप पडली नाही’ म्हणून सांगतात, तेव्हा मला सातारच्या त्या कमिटीची आठवण होते. छाप हा शब्दच असा आहे की, त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याचा भाग मोठा असतो.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. धोंडो पुढे इंग्रजी शिकला, मुंबईस आला, शिकवण्या करून पोट भरू लागला, १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाला. शिकवण्या करणारा हा अबोल, रुक्ष दिसणारा मनुष्य सभांतून बोलत नसे, वर्तमानपत्रात लिहीत नसे. नाव म्हणावे असे काही त्याच्यापाशी नव्हते. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून बी. ए. झालेले गोपाळ कृष्ण गोखले मात्र त्याला ओळखत होते. हा मनुष्य शिकवणीला वेळेवर जातो, गणित नीट समजावतो, पैशाच्या बाबतीत चोख आहे, एवढे त्यांना माहीत होते. १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली तेव्हा गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतले. कर्व्यांनी अर्ज केला नव्हता. जे नाव साताऱ्याच्या कमिटीपुढे दाखला दाखवूनही मिळाले नाही, ते बरोबरीच्या विद्यार्थ्याच्या मनात आपोआप नोंदले गेले होते. आपल्या मास्तरांना खूष ठेवण्यात मुले बराच वेळ घालवतात. बाकावर शेजारी बसलेला मुलगा आपल्याला सर्वांत बारकाईने पाहत असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

कर्व्यांचे आप्त, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची कथा याच्या उलट. १८९९ साली केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले आणि ही बातमी हिंदुस्थानात वणव्यासारखी पसरली. ‘रँग्लर’ हे त्यांचे पहिले नावच होऊन बसले. या नावावर सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या पगाराची जागा त्यांना कोणीही दिली असती. परंतु विलायतेस जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आपण परत येऊन आजीव सभासद होऊ असा शब्द दिलेला होता. त्याप्रमाणे ते परतले आणि महिना सुमारे पाऊणशे रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १९०२ साली त्यांच्याकडे प्रिन्सिपॉलपद आले.

पुरुषांच्या या मालिकेत एका स्त्रीचे नाव आले पाहिजे, आणि ते उपचार म्हणून नव्हे. आनंदीबाई जोशी या १८८३ साली अमेरिकेस वैद्यक शिकायला निघाल्या तेव्हा त्यांच्यापाशी कोणतीही पदवी नव्हती. वय जेमतेम अठरा. पाठीशी निंदेचे मोहोळ. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे नवऱ्याची नोकरी होती. तेथल्या कॉलेजात त्या वर्षी फेब्रुवारीत त्या भरसभेत उभ्या राहिल्या आणि मी अमेरिकेस का जाते, याचा खुलासा त्यांनी इंग्रजीतून केला. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, येथे शिकण्यास मला कोणत्या अडचणी आहेत, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे सगळे त्यांनी एकेक मुद्दा घेऊन सांगितले. विद्यार्थ्याने स्वतःची ओळख स्वतः करून देण्याचे याहून धीट उदाहरण मला त्या शतकात आढळलेले नाही. पुरुष विद्यार्थ्याची ओळख त्याचे मास्तर करून देत, शिष्यवृत्ती करून देई. बाईची ओळख करून देणारे कोणी नव्हते, म्हणून तिला ती स्वतः करावी लागली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली. त्या परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. कोल्हापूरच्या जागेवर एक दिवसही त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांची सगळी कीर्ती विद्यार्थिदशेतलीच.

आता १९१२ या सालाकडे येतो, कारण त्या एका वर्षात दोन विद्यार्थी आपल्याला शेजारी शेजारी दिसतात.

पहिला रोह्याचा. तेव्हाचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा आपला रायगड जिल्हा. नाते या रायगड किल्ल्याजवळच्या गावी जन्मलेला आणि रोह्याच्या वकिलांचा मुलगा चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने पटकावली. ‘शंकरशेट स्कॉलर’ ही त्या काळची केवढी मोठी मुद्रा होती, हे जुन्या पिढीतल्या श्रोत्यांना सांगायला नको. मग केंब्रिज, वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक, १९१८ साली लंडनला आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० साली देशाचे अर्थमंत्री. विद्यार्थिदशेतल्या नावाने पुढच्या प्रत्येक दाराची कडी काढून ठेवलेली होती. याचा अर्थ ते त्या नावावर जगले असा मुळीच नाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. पण दारे उघडत गेली, हे खरे.

दुसरा विद्यार्थी सावित्रीच्या पलीकडचा. त्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. या गुणांवर कोणी शंकरशेट होत नाही. परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून मुंबईत सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरून ठेवला होता. त्यांनीच पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली आंबेडकरांनी बी. ए.ची परीक्षा दिली. १९१३ साली बडोद्याच्याच खर्चाने ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली मे महिन्यात तेथील एका परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातल्या जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. विद्यार्थ्याने लिहिलेला हा निबंध अजून वाचला जातो.

नाव मिळवण्यासाठी विद्यार्थ्याने आणखी काय करायचे असते? पदव्या होत्या, विद्वानांची ओळख होती, लिहिलेले छापून आलेले होते, राजाचा वरदहस्त होता आणि जागा तर ठरूनच गेलेली होती. १९१७ साली ते करारानुसार बडोद्यास गेले. स्टेशनवरून उतरल्यावर राहायचे कोठे, हा पहिला प्रश्न. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी खोली घेतली. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले दहाबारा पारशी धर्मशाळेच्या दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली कर, म्हणून बजावून गेले. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्या ओळखीच्या गृहस्थांनी घरच्या अडचणी सांगितल्या. तो सुशिक्षित, पदवीधर, अधिकारी मनुष्य गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला. ही सगळी हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, तीत आक्रस्ताळेपणाचा एक शब्द नाही आणि म्हणून ती वाचवत नाही.

पाटीवर बी. ए. लिहून लोकांच्या मनात भरता येते, ही गोष्ट ज्यांच्यासाठी खरी होती ते सारे आपण आधी पाहिले. येथे आधीची पाटी दुसऱ्याच कोणी लावून ठेवलेली होती आणि तिच्यावर कोलंबियाचे अक्षर उमटेना. सर्व विद्यार्थ्यांना ‘आपले नाव तुमच्या हाती आहे’ असा उपदेश सरसकट करणाऱ्या सद्गृहस्थांनी हे प्रकरण एकदा शांतपणे वाचावे, असे मला वाटते. मीही असा उपदेश पूर्वी केलेला आहे.

बडोदे सुटल्यावर आंबेडकरांनी मुंबईत शिकवण्या धरल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना जागा मिळाली. हा काय शिकवणार, अशा नजरेने आरंभी वर्गातली मुले त्यांच्याकडे पाहत. अध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झाली. ते वर्गात तयारी करून येत, विषय मुळापासून उलगडून सांगत आणि फार बोलत नसत. काही महिन्यांत दुसऱ्या कॉलेजांतली मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. येथे शिफारसपत्र नव्हते, महाराज नव्हते. चाळीस-पन्नास मुले होती आणि ती आपसांत बोलत होती.

पगारातले पैसे ते काटकसरीने बाजूला टाकीत होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपयांचे कर्ज, यांची जोड त्या पुंजीला मिळाली आणि प्राध्यापक आंबेडकर लंडनला जाऊन पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. तेथे ते सकाळी वाचनालयाचे दार उघडण्यापूर्वी जाऊन उभे राहत आणि बंद होताना बाहेर पडत.